चाळीस वेळा लगेच

२ सप्टेंबर, मंगळवार

चाळीस! आज बोटांवर मोजले. बायबलमधल्या मार्कच्या एका शुभवर्तमानात चाळीस वेळा 'लगेच'. मास्तर म्हणतात, एखाददुसरा जास्तच असेल, हस्तलिखितांत थोडं मागेपुढे होतं. पहिल्याच अध्यायात दहा-अकरा. पाण्यातून वर आला — लगेच. कोळ्यांनी जाळी टाकून दिली — लगेच. कुष्ठ गेलं — लगेच. काय ही घाई!

नवीन भाषांतर महिनाअखेर छापायला जायचंय. मास्तर ग्रीक बघतात, मी भाषा बघते, चर्चच्या पाळकबाई आम्हा दोघांकडे बघतात आणि मग कॅलेंडरकडे. ग्रीक मला ओ की ठो कळत नाही. एक शब्द मात्र पाठ झाला — युथुस, म्हणजे हेच ते 'लगेच'. मास्तर तो इतक्या प्रेमाने उच्चारतात की मला वाटायचं, त्यांच्या नातवाचं नाव आहे.

पाळकबाई म्हणाल्या, "अर्धे उडवा. वाचताना ठेच लागते." मास्तरांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला. म्हणजे भांडण! "एकही उडणार नाही. त्याने लिहिलंय. आपण कोण?"

मी मास्तरांच्या बाजूने. वीस वर्षं औषधांच्या खोक्यातले घडीचे कागद तपासलेत मी. 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' झालं तर काय होतं ते मला माहीत आहे. पण कानाला टोचतं हेही खरं. लहान मूल गोष्ट सांगतं ना — मग लगेच राजा आला, मग लगेच वाघ आला — तसं.

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिला अध्याय आईला वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "हे लगेच कुठलं गं? खरं, की आपल्या नळवाल्याचं?"

मी हसले. पण ती गंभीर होती! "आपल्या घरात 'लगेच' म्हणजे आज नाही," म्हणाली. "तुझं तर त्याहून वरचं."

टोमणा कशाबद्दल ते कळलं. तिला अक्काकडे जायचंय. अक्का म्हणजे माझी मावशी, आईची मोठी बहीण. गाडीने पाच तास. मावशीची आठवण जात चाललीये. कधी ओळखते, कधी नाही, आणि 'कधी नाही' वाढत चाललंय. वहिनीचा — मावशीच्या सुनेचा — दर आठवड्याला फोन असतो. आई जूनपासून म्हणतेय, मला एकदा घेऊन चल, तिने ओळखायच्या आत— म्हणजे ओळखतेय तोवर. तिचंही वाक्य अडकतं तिथे.

एकटीला कशी पाठवू? शहात्तर वय, गुडघा हा असा. जिने उतरताना कठड्याशी बोलत उतरते. म्हटलं, "हे पुस्तक हातावेगळं होऊ दे, की लगेच जाऊ."

शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच लाज वाटली. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नळवाला आला नाही. 'लगेच येतो' म्हणाल्याला आज चौथा दिवस.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज फजिती! खालच्या सभागृहात साध्या माणसांना बोलावून मसुदा वाचायचा होता. त्यांना कळतं का, कुठे अडतं का, ते बघायला. बारा जण आले. मास्तरांनी स्वतः वाचलं, इस्त्रीचा शर्ट घालून.

तिसऱ्या 'लगेच'ला एक बाई गालात हसल्या. पाचव्याला दोघं. आठव्याला सगळं सभागृह! मास्तर गोंधळून शर्टाची बटणं चाचपायला लागले. शेवटी एक शिंपी उठले, अगदी अदबीने म्हणाले, "रागावू नका, पण हा शब्द आम्ही गिऱ्हाइकाकडून वेळ मागून घ्यायला वापरतो. लगेच देतो म्हटलं की आठ दिवस मिळतात."

घ्या! चाळीस वेळा धावणारा माणूस, आणि शब्द असा की ऐकणाऱ्याला वाटावं, अजून घरातून निघालाच नाही.

वर आल्यावर मास्तरांनी शब्दकोश उघडला. मग आम्ही दुसरे शब्द काढत बसलो. 'ताबडतोब' — नोटिशीत शोभतो. 'तत्क्षणी' — नाटकात, तेही जुन्या. 'पटकन' — पटकन दूध पी! 'झटकन' म्हटलं की मला पाल दिसते. पाळकबाईंनी 'त्वरित' सुचवला. मास्तर म्हणाले, "त्वरित संपर्क साधा." पाळकबाईंनी वही मिटली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी वहिनीचा फोन. आज मावशीने तिला "सिस्टर" म्हटलं आणि गोळी कितीला घेऊ विचारलं. वहिनी हसून सांगत होती, पण आवाज ओला होता.

मग मावशीला फोन दिला. आईने स्पीकर लावला. मावशीचा आवाज तोच, खणखणीत. "काय गं, गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, अक्का."

दोन मिनिटांनी — "काय गं, गुडघा कसा आहे?"

"दुखतो."

परत. "गुडघा कसा आहे?"

"कापून टाकला अक्का, फार कटकट करत होता!"

मावशी खो खो हसली. असं हसली की मीही हसले, आणि आई हसता हसता रडायला लागली. फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसून म्हणाली, "अजून हसते बघ. अजून माझ्या थापा कळतात तिला. चल ना गं."

"पुढच्या आठवड्यात नक्की."

"पुढचा म्हणजे कुठला? तारीख सांग."

मी कॅलेंडरकडे बघितलं. पाळकबाईंनी सोळाव्या अध्यायापर्यंत सगळं मागितलंय. आई कामावर जायची तेव्हा मी चार वर्षं मावशीकडेच वाढले, मलाही तिला बघायचंच आहे की. पण ही आईची भेट आहे, आईची घाई आहे. मी काय, सोबत जाणारी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मास्तरांनी आज मजेदार गोष्ट सांगितली. युथुस हा शब्द मुळात 'सरळ' या शब्दाचा सख्खा भाऊ. त्याच अध्यायात सुरुवातीला वाटा सरळ करा म्हटलंय, तिथे तेच मूळ. म्हणजे नुसतं 'कमी वेळात' असं नाही. मध्ये वळण नाही, थांबा नाही, विचारपूस नाही. मास्तर उठून खोलीत सरळ चालून दाखवायला लागले आणि खुर्चीला अडखळले.

घरी येऊन आईला सांगितलं. भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तडक म्हणा."

तडक!

मी म्हटलं, "अगं, तडक माणूस रागाने जातो. तडक उठून चालता झाला."

"कोण म्हणतं? तू पाच वर्षांची असताना अक्काकडे तापाने फणफणली होतीस. अक्काचा कामावर फोन आला. मी तडक निघाले. अंगावर कामाचा झगा, पायात वॉर्डातल्या सपाता. कोणावर रागावले होते मी?"

मला हे माहीतच नव्हतं. सपाता! पाच तास!

"मग?"

"मग काय. पोचले तर तू अक्काच्या मांडीवर बसून ऐटीत बिस्किट खात होतीस." आणि ओला फडका माझ्या हातात देऊन गेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मास्तरांना 'तडक' सांगितला. तोंडात साखर ठेवावी तसा घोळवला त्यांनी तो. "जाळी तिथेच टाकून ते तडक त्याच्यामागे गेले. भाषाबाई, हा कुठे सापडला?" म्हटलं, भांडी पुसताना. त्यांना वाटलं मी विनोद करतेय.

सगळीकडे बसत नाही म्हणा. कुष्ठ तडक गेलं — कुठे गेलं, स्टेशनवर? तिथे 'त्याच क्षणी' ठेवलं. कोंबड्याचं आरवणंही तडक होत नाही. पण जिथे जिथे माणूस उठतो, निघतो, हाक ऐकून जातो, तिथे चपखल. पाळकबाईसुद्धा एकदाच म्हणाल्या, "जरा रांगडा नाही का?" आणि स्वतःशी दोनदा म्हणून बघून गप्प झाल्या. मंगळवारी शेवटची बैठक, तेव्हा पक्कं करायचं.

जाता जाता मास्तर म्हणाले, "एक लक्षात आलं का? त्याला धरून नेतात त्या सकाळी हा शब्द शेवटचा येतो. पुढे एकदाही नाही. मग क्रुसावर नुसते तास मोजलेत — तिसरा, सहावा, नववा." मी पानं उलटून पाहिली. खरंच नाही. इतके दिवस मोजत होते, आणि कुठे संपतो ते पाहिलंच नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आईला सांगितलं, पुढच्या शनिवारी तिकिटं काढते, अगदी नक्की, सत्तावीस तारीख, घे, तारीख हवी होती ना! कॅलेंडरवर गोलही केला.

ती म्हणाली, "हं."

२२ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी घरी आले तर दाराला कुलूप. शेजारणीकडे किल्ली. आत टेबलावर चिठ्ठी, खाली पाण्याचा पेला ठेवलेला, उडू नये म्हणून —

'अक्काकडे जाते. गुडघा सोबत नेला आहे. सकाळी नळवाला येऊन गेला, नळ झाला. तुझं झालं की ये. काळजी करू नको, केलीस तर डब्यातलं जेवून कर. — आई.'

इतका संताप आला! पाच तास, एकटी, ना मला विचारणं ना सांगणं! शेजारीण म्हणाली, "पिशवी घेऊन सरळ खाली उतरल्या. कठड्याला हातसुद्धा लावला नाही." कौतुकाने सांगत होती बया.

वहिनीला फोन लावला. "अहो ताई, दुपारीच पोचल्या की!" मग आई फोनवर. आवाज वीस वर्षांनी लहान.

"ओळखलं गं! दारातच. म्हणाली, एवढा उशीर? आणि हात सोडत नाहीये. तुझं विचारतेय सारखी. पोर कुठाय, पोर का नाही आली. तू ये."

मागून मावशीचा आवाज — "पोर कुठाय?"

माझा सगळा राग विरघळला. खाली बसून रडले. रात्रीची गाडी होती. पण उद्या बैठक. मी नसले तर पाळकबाई 'त्वरित' घालतील, आणि मास्तर एकटे पडतील. एका दिवसाने काय होतंय? उद्या संपलं की परवा पहाटे निघेन. आईला तसं सांगितलं.

आई म्हणाली, "बरं." या वेळी टोमणा नाही मारला. मारला असता तर बरं झालं असतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

'तडक' मंजूर. सतरा ठिकाणी. मास्तरांनी माझ्याशी हात मिळवला, पाळकबाईंनी कॅलेंडरशी. टाळ्या वाजल्या — तिघांच्या! उद्या पहाटे सहाची गाडी मिळाली आहे. पिशवी भरली. मावशीला आवडते ती मऊ शाल घेतली.

२४ सप्टेंबर, बुधवार

अकराला पोचले. मावशी खिडकीशी, आईचा हात हातात धरून. वहिनी म्हणाली, काल झोपेपर्यंत माझ्याच नावाचा जप चालला होता, दर गाडीच्या आवाजाला उठून दाराशी यायची.

मी पुढे जाऊन वाकले. मावशीने नीट पाहिलं माझ्याकडे. छान हसली. आईला म्हणाली, "बाईंना बसायला दे गं. लांबून आलेल्या दिसतात." आणि मला — "कोण हवंय आपल्याला?"