तळ्याकडची वाट

३ एप्रिल
साहेबांनी तळ्याकडची वाट उघडली! मला न विचारता. या उद्यानात पर्यटकांनी कुठे जायचं, किती जणांनी जायचं, कधी अजिबात जायचं नाही, हे ठरवायला मला इथे बसवलंय. आणि मला कळलं कुणाकडून, तर फाटकावरच्या चहावालीकडून. तळ्याकाठच्या झाडांवर करकोचे अंडी उबवताहेत. पिल्लं उडेपर्यंत ती वाट बंद, हा आमचाच नियम.

वर जाऊन विचारलं. म्हणाले, सुट्ट्यांचे दिवस आहेत, लोक काय नुसती झाडं बघायला येतात का. मग बघावीत की झाडं! उद्यान आहे, बाजार नाही – पण हे आत्ता सुचतंय. तेव्हा सरळ जिना उतरले.

४ एप्रिल
वाट उघडा म्हणून साहेबांकडे जाऊन बसलं होतं कोण? ताई. माझी सख्खी ताई! फाटकापासून पर्यटकांना फिरवायच्या गाड्या आहेत ना तिच्या. बाकीच्या गाडीवाल्यांना घेऊन गेली होती. घरचा भेदी म्हणतात तो हा.

फोन केला. म्हणाली, "तुझा पगार बारा महिने होतो. माझी चूल सुट्ट्यांवर पेटते."

पक्षीच उडून गेले तर पुढच्या वर्षी लोकांना काय दाखवशील, माझं तोंड? असं विचारलं. तिने फोन ठेवला.

६ एप्रिल
तळ्यापर्यंत गाड्यांची रांग. हॉर्न, गाणी, वेफर्सची पाकिटं. एकजण फोटोसाठी टपावर चढला होता. खाली उतरा म्हटलं, तर मलाच विचारतो – तुमच्या साहेबांना फोन लावू का? लाव म्हटलं. त्याने खरंच लावला. साहेबांनी मला समजुतीने घ्यायला सांगितलं.

७ एप्रिल
आजही तीच रांग, तेच हॉर्न. लिहिणं नकोच.

८ एप्रिल
कुणीतरी ड्रोन सोडला. सगळे करकोचे घरट्यांवरून एकदम उठले. आभाळ पांढरं झालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! खाली अंडी उघडी पडलेली. कावळे वाटच बघत होते.

ताई स्वतः गाडी चालवत होती. मागच्या सीटवरची बाई तिला म्हणाली, "परत एकदा उडवायला सांगा ना, माझा व्हिडिओ राहिला."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "झालं समाधान?" ताई गाडी वळवून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत निम्मेच पक्षी परतले. साहेब म्हणाले, आले ना निम्मे, मग झालं तर. यांच्या घरातली निम्मी माणसं परत आली नाहीत तर असंच म्हणतील का?

९ एप्रिल
आईचा फोन. ताई कालपासून नीट जेवली नाही म्हणे. राहू दे उपाशी, म्हटलं. आई नाराज झाली. झाली तर झाली.

१० एप्रिल
फाटक उघडायच्या आधीच ताईने तिच्या दोन्ही गाड्या तळ्याच्या वाटेवर आडव्या लावल्यात. मध्ये खुर्ची टाकून बसलीय, कुणाला दाद देत नाही. साहेबांचा मला हुकूम – बहिणीवर गुन्हा नोंदव, गाड्या हटव.

वाट तिथे रुंद आहे. कडेने अजून एक गाडी जाईल एवढी फट उरलीय. सरकारी जीप घेऊन निघालेय. आडवी लावायला.