साहेबांना वळायला जागा नाही

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार अक्षरशः समजावा. मी सलूनच्या फरशीवर पालथा पडून लिहितो आहे, कारण खुर्चीत बसलो की साहेबांना दिसतो. साहेब कोण ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे तुमच्या आशीर्वादाने खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात तुमचा आशीर्वाद आणि तुम्ही दिलेली भेटवस्तू यांची रोज झटापट चालू असते आणि आम्ही जीव मुठीत धरून बघत असतो.

भेटवस्तू म्हणजे ते मासे. सलून उघडलं त्या दिवशी तुम्ही पिशवीतून दोन पिल्लं आणलीत, सोबत काचेची टाकी आणलीत आणि म्हणालात, "भाऊ-भाऊ आहेत, गुण्यागोविंदाने नांदतील. गिऱ्हाईकही बघत बसेल." गिऱ्हाईक बघत बसलं, हे खरं. दुसऱ्या भावाचं काय झालं हे मात्र मी तुम्हाला आजवर कळवलं नव्हतं. एका सकाळी शटर वर केलं तर टाकीत एकच मासा होता आणि तो जरा जाडा दिसत होता. तेव्हापासून आम्ही त्याला साहेब म्हणतो आणि त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतो.

साहेब वाढले. आता ते माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत आहेत आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं आहे. टाकी मात्र तीच, पिल्लांच्या मापाची. वळायचं झालं तर नाक एका काचेला घासतं आणि शेपटी दुसरीला. त्यामुळे ते दिवसातून फार वेळा वळत नाहीत, एका जागी थांबून माझ्याकडे बघतात. मामा, मी रोज लोकांच्या गळ्याला वस्तरा लावतो, माझा हात कधी थरथरला नाही. पण ती नजर पाठीला लागली की गालावरचा फेस गिऱ्हाइकाच्या कानात जातो.

शेवटी शोभेचे मासे विकणाऱ्याला बोलावलं. त्याने टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अहो, तुम्हाला न्हाणीघरात कोंडून जेवायला घातलं तर तुम्ही काय गाणी म्हणाल? याला ऐसपैस जागा द्या. नाहीतर हा एक दिवस काच फोडेल किंवा डोकं फोडून घेईल." आता जागा मी कुठून आणू? सलून तुम्ही पाहिलं आहे. दोन्ही खुर्च्या भरल्या की मला आडवं होऊन चालावं लागतं. (तरी ही म्हणते, "जागा कमी नाही, तुमचं पोट सुटलंय.")

तेव्हा मी अक्कल चालवली, आणि त्यात तुमचाही थोडा हात आहे, कारण हा धंदा मला तुम्हीच शिकवलात. गाळा चिंचोळा असला तर समोरासमोर आरसे लावायचे, म्हणजे त्याचा दिवाणखाना होतो, हे तुमचे शब्द. मी टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून एक आरसा टेकवला आणि पुढे, थोडा तिरका, दुसरा. म्हटलं, साहेबांना वाटेल, वा, केवढा हॉल!

साहेबांना हॉल दिसलाच नाही. साहेबांना दुसरे साहेब दिसले. त्यांच्याच घरात, त्यांच्याच मापाचे, कपाळाला तसंच टेंगूळ. आणि त्या साहेबांच्या मागे आणखी साहेब, रांगेने, पार भिंतीपलीकडे. मी असतो तर पळालो असतो. ते पळाले नाहीत. (पळायला जागा होती कुठे!) त्यांनी थेट डोकं आपटलं. त्या वेळी खुर्चीत निवृत्त हेडमास्तर होते, अर्धी दाढी झालेले. टाकीचं झाकण उडालं, पाणी त्यांच्या मांडीवर आलं आणि मास्तर गळ्यातल्या टॉवेलसकट रस्त्यावर गेले. उरलेली अर्धी दाढी त्यांनी दुसरीकडे करून घेतली असं ऐकतो. मी आरसा काढायला हात घातला तो सरळ पाण्यात. आरसा बाहेरून लावला होता, पण घाबरलेल्या माणसाला आत-बाहेर कळत नाही. साहेबांना ते बरोबर कळलं. आता बोटाला पट्टी बांधलेला कारागीर पाहून गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरतं.

माझा आरडाओरडा ऐकून ही मागच्या खोलीतून आली, दोन्ही आरसे काढले आणि टाकीवर टॉवेल टाकला. मी म्हटलं, "बघ किती माजलाय." ती म्हणाली, "अहो, माजलाय कुठला? घाबरलाय तो. तुमच्यासारखाच." मी टॉवेलचं टोक उचलून पाहिलं. साहेब कोपऱ्यात तोंड खुपसून धापा टाकत होते आणि टेंगळाची कातडी सोलली होती. मला अगदी रडू आलं, मामा. इतके दिवस आम्ही एकमेकांना भीत बसलो होतो आणि त्यातल्या एकालाच दार उघडून बाहेर जाता येत होतं.

आता खरी भीती सांगतो. काचेला रेघ गेली आहे. केसाएवढी, आणि केस केवढा असतो हे मला कुणी सांगायला नको. मी तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे. सकाळी रेघ पट्टीच्या आत होती, आता खालून डोकावते आहे. खाली टॉवेल अंथरला आहे आणि तो ओला होतो आहे. मी फरशीवर पडलो आहे तो त्याच्याकडेच लक्ष ठेवून.

असो. तुमच्याकडे काही मागायचं म्हणून हे पत्र नाही, नुसतं मन मोकळं केलं. गुडघ्याला शेक देत जा. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भित्रा भाचा

ता. क. तुमच्या मधल्या खोलीत ती पलंगाएवढी काचेची टाकी आहे ना, पूर्वी तुम्ही मासे ठेवायचात ती? तिच्यात आता मामींच्या उशा असतात. उशांना इतकी जागा लागते का, हे आपलं सहज विचारतो.

आणखी एक. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात रेघ पार खालपर्यंत गेली. त्यामुळे तुमच्या उत्तराची वाट पाहता आली नाही. पत्र देणारा माणूस टेम्पोवाला आहे आणि त्याच्या टेम्पोत एक निळं पिंप आहे. त्याचं झाकण मामींनी कृपा करून उघडू नये.

शेवटचं. खाली टेम्पोत पिंपाला मिठी मारून बसलेला माणूस मीच. मामी काय म्हणतील या भीतीने वर येत नाही. या पिंपात साहेबांना मुळीच वळता येत नाही. निघालो तेव्हा ते धडका देत होते, तेव्हा मी घाबरलो होतो. आता मघापासून ते गप्प आहेत. मामा, उशा काढा हो लवकर.