कानातलं पाणी

आबा, तुमाला जाऊन लई वर्सं झाली, पण माझा राग काय गेला न्हाई. चौथीतून काढलेली बाई लिहील तसंच हे लिहिलंय. अक्षरं वाकडी हायत, ती तुमचीच करणी.

तो दिवस मला अजून दिसतो. आपल्या वस्तीवर बिरोबाच्या ठाण्यापुढं बोकड उभं हाय. सकाळीच मास्तर येऊन सांगून गेलते, पोरगी हुशार हाय, पुढं नेकनूरला शिकू द्या. तुमी म्हणले, "मी कोण ठरवणार मास्तर, देव सांगंल." आणि देवाला इचारलं काय, तर पोरीला शाळेतून काढून मेंढरामागं लावू का? पाणी टाकल्यावर बोकडानं अंग झाडलं तर देवाचा होकार, न्हाई झाडलं तर नकार. तुमी तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. बोकड हाललं न्हाई. तोंडातला पाला चघळत गप उभं. आय म्हणली, "झालं की. देव न्हाई म्हणतोय." तुमी तिच्याकडं बघितलं बी न्हाई. परत वाकले आणि उरलेलं पाणी सरळ त्याच्या कानात ओतलं. कानात पाणी गेल्यावर कोणतं जनावर गप राहील? मुंडक्यापासून शेपटापर्यंत अंग झाडलं त्यानं, थेंब माझ्या तोंडावर उडाले. तुमी हात जोडून म्हणले, "बघ, देवाची मर्जी."

तुमी लबाड असते तर बरं झालं असतं. बाप लबाड होता म्हणून दोन शिव्या दिल्या असत्या अन् मोकळी झाले असते. पण तुमचे डोळे भरून आलते, ते खोटं नव्हतं. मी रडत म्हणलं, "आबा, तुमी कानात घातलं." तर म्हणता कसे, "हात माझा गं, घालणारा तो. तू मनापासून मान, मग पटंल." मानायचं ठरवलं की मानता येतं का हो? मी कमी झटले का? मेंढरामागं हिंडताना डोळे मिटून म्हणायची, देवाची मर्जी, देवाची मर्जी. डोळे उघडले की बोकडाचा कान दिसायचा. मी एकदा बघितलं ते मला पुसता आलं न्हाई. तुमी सोता ओतलं, सोता बघितलं, अन् तरी मानलं. कावून? दोन्ही एका डोक्यात मावतं कसं, तेवढं तरी शिकवून जायचं होतं.

सासरी आल्यावर मी कुणाला कौल लावू दिला न्हाई. यंदा पोरीचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला, तर दीर म्हणतो, "वैनी, पोरीची जात, लांब जायची. आधी बोकडाला पाणी घाला." मी म्हणलं, "बोकडाला नर्सिंगमधलं काय कळतं, भाऊजी? तुमाला तरी कळतं का?" सगळे हसले. पोरगी सगळ्यात जास्त हसली. तिला वाटतं, आपली आई कशालाच भीत न्हाई.

ती निघायची त्या दिवशी पहाटं मी गोठ्यात गेले. उगंच, बघू तरी म्हणून. पोरगी सुखरूप राहील का, एवढंच इचारलं अन् बोकडाच्या पाठीवर पाणी टाकलं. ते हाललं न्हाई. जनावर हाय, झोपंत हाय, मला सगळं कळतंय, अन् तरी मी तिथंच, आता हालंल मग हालंल म्हणून बघत. पोरीला जाऊ नको म्हणावं, हे सुद्धा तोंडापर्यंत आलतं. ही भीती मी मागितली नव्हती, आबा. त्या दिवशीच्या थेंबासंगं तुमी ती माझ्यात टाकली, मला न इचारता. न मानायचं ठरवून बी ती निघंना.

पोरगी गेली. मी सोता एसटीत बसवून दिलं. तिच्या बापाच्या अन् माझ्या दिराच्या देखत, ताठ मानेनं.

हा कागद धाडायचा कुठं, तुमचा पत्ता कुणाला ठाऊक हाय? म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, पोरीला ती कदी सांगायची न्हाई. तिला उठवायच्या आधी मी तांब्या परत भरला. बोकडाचा कान धरला, अन् ओतलं. त्यानं अंग झाडलं. मला लई बरं वाटलं, आबा. आणि हात जोडले गेले. मी जोडले न्हाईत, ते जोडले गेले.