उजवा स्पीकर जरा आत

३ जून, पेण
दादा रोह्याहून आला. त्याचा जुना स्टिरिओ नि दोन्ही स्पीकर घेऊन. "पडून होते, तुझा जीव रमेल." तापानंतर माझ्या उजव्या कानात कापूस कोंबल्यागत झालंय, मी कुणाशी धड बोलत नाय, हे माझ्या बायकोने, नंदानेच त्याला कळवलं असणार. बरं केलं. तोंडावर मात्र बोललो, "कशाला एवढं ओझं आणलंस?"

४ जून
दादाने दोरी धरून मापं घेतली. दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर, माझी खुर्ची मधोमध. "गाणारी बाई बरोबर समोर उभी राहील बघ." कसली समोर! सगळी मैफल डाव्या कानात चढून बसली. "झकास!" बोललो. तो खूश होऊन रोह्याला गेला. मी बटण बंद केलं.

९ जून
सेकंड शिफ्ट. कंपनीत सगळे नेमके उजवीकडूनच का हाका मारतात, देव जाणे. डॉ. म्हणालेत, गोळ्या घ्या, कान सुधारेलही, नाहीही. हे 'नाहीही' काय डोक्यातून जात नाय. असंच राहिलं तर...

१४ जून
नंदा गणपतीच्या कारखान्यातून आली. मूर्तींचे डोळे रेखते ती. मी स्टिरिओला शिव्या घालत होतो.
"उठा." माझ्या खुर्चीत बसली, एक डोळा मिटून बघत राहिली. "हा उजवा तुमच्याकडं बघतच नाय."
"अगो, तो स्पीकर हाय, बाप्पा नाय."
"पूजेला पाटावर बसणाऱ्याशी नजर भिडली पायजे. बसा गप."
उजवा पुढे ओढला, थेट माझ्याकडे वळवला. डावा मागे, तोंड भिंतीकडे. बसलो. आणि गाणारी बाई हळूहळू सरकत आली की मधोमध! तापानंतर पहिल्यांदा. रडलो, लपवलं नाय.
"नंदा, आली गो समोर!"
"आली ना? मग मी जाते भात टाकायला. तुमचं तुमी बघा."
काय नशीब माझं, ही बाई मिळाली.

२५ जून
दादाचा व्हिडिओ कॉल. "उजवा वाकडा का? मापात नाय बसत."
या वेळी खरं सांगितलं. "कानच मापात नाय रे दादा. पण तुझ्यामुळं घरात गाणं आलं. त्या दिवशी सांगायचं राहिलं."
तो म्हणाला, "सोमवारी डॉक्टरकडं मी पण येतो." नको म्हटलं नाय.

२७ जून
सकाळी तेच गाणं लावलं. बाई मधे नाय. उजवीकडे गेलीय.
"नंदा, झाडताना धक्का लागला काय?"
"हात पण नाय लावला हो."
पुन्हा लावलं. उजवीकडेच.
तीही येऊन उभी राहिली. कळलं तिला. "सरळ करू का उजवा?" अगदी हळू विचारलं. उजव्या बाजूने. तरी ऐकू आलं.
म्हटलं, सोमवारपर्यंत राहू दे.