खांद्यावरचा हात

लातूर,
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय शिवकांता,
शरणु शरणार्थी.

पत्र बघून घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. आजकाल घरी पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं, म्हणून आधीच सांगितलं. फोन दोनदा लावला होता. तुझा आवाज आला की मी बंद करायची. ते दोन्ही मुके फोन माझेच.

इकडे सगळे बरे आहेत. रविकिरण दालमिल बघतो. सूनबाई मंजुश्री स्वभावाची चांगली आहे, फक्त प्रत्येक भाजीत गूळ घालते. नात सृष्टीची बारावी, त्यामुळे घरातला टीव्ही बंद आणि सगळ्यांची बोलणी कुजबुजत. ह्यांना शुगर निघाली तरी मिलवर जाऊन गुपचूप जिलेबी खातात आणि घरी येऊन मला पथ्य शिकवतात. सिद्धेश्वराची जत्रा चार दिवसांवर आली, रस्त्यावर पाळण्याचे खांब उभे राहिले.

तुझ्या घरचे कसे आहेत? गौरम्माकाकू नीट जेवतात का?

हे मी उगीच विचारलं. काकू कशा आहेत ते मला माहीत आहे. मागच्या गुरुवारी तुझा महांतेश तूर घेऊन मिलवर आला होता, तेव्हा ह्यांनी त्याला जेवायला घरी आणलं. गावातली पोरं त्याला 'पुतळा' म्हणून हाक मारतात, हे त्यानं हसत सांगितलं. पण त्याची बायको राजकन्या सव्वीस जानेवारीपासून स्मारकाच्या चौकातून जात नाही म्हणे. जित्या नवऱ्याच्या तोंडाला हार घातलेला कोणत्या बाईला बघवेल? ती मागच्या गल्लीनं वळसा घालून जाते. आणि आजी सारखं एकच विचारते, असं तो म्हणाला. तेवढं सांगून त्यानं भाकरी बाजूला सारली.

मी त्याला आग्रह करून ताक वाढलं. दुसरं काही केलं नाही.

त्या दिवशी स्मारकाच्या उद्घाटनाला तरी मी काय केलं? आमच्या मिलनं चौथऱ्याची फरशी दिली म्हणून आम्हाला मानाचं बोलावणं होतं. फरशीवर 'सौ. जगदेवी व श्री. सिद्धलिंग यांच्या सौजन्याने' अशी सोनेरी अक्षरं, आणि वर गावातल्या तिघा शहिदांची नावं त्याच्या निम्म्या आकाराची. मी ते वाचलं आणि पदर पुढं ओढून घेतला. एकाहत्तरच्या लढाईतला रामकिशन पुतळ्यात छान उतरलाय. त्याचा मुलगा भूकंपाच्या वेळी उदगीरला राहत होता, म्हणून बापाची तसबीर शाबूत राहिली. काश्मीरमध्ये गेलेल्या देविदासचे तर फोटोच फोटो. मधला आपला मन्मथ. त्याचं जे काही होतं ते त्र्याण्णवच्या भूकंपात तुमच्या घराच्या दगडमातीखाली गेलं. लष्कराकडून कागदपत्रांची झेरॉक्स आली तीत तोंडाच्या जागी काळा डाग. मग कुणीतरी डोकं चालवलं, भाचा मामावर गेलाय, त्यालाच बसवा. मूर्तिकारानं महांतेशला तीन दिवस खुर्चीवर बसवलं, मिशा वाढवल्या, टोपी चढवली आणि मन्मथ तयार केला.

काकूंना दोघांनी धरून पुतळ्यापुढं आणलं तेव्हा मी हाराचं ताट घेऊन दोन हात अंतरावर उभी होते. त्यांनी आधी डोळे बारीक करून पाहिलं. मग हात वर करून कपाळ चाचपलं, गाल चाचपले, नाकावरून बोट फिरवलं.

"ह्ये तर आपल्या महांतेशाचं नाक हाय गं," त्या म्हणाल्या. "माझा मन्मथ कुठं हाय?"

मागं कुणीतरी हसलं. म्हातारपण हाय, असं कुणी म्हणालं. माइकवाल्यानं घाईघाईनं भारतमातेचा जयजयकार केला आणि बँड सुरू झाला. काकू तिथंच उभ्या, हात हवेत तसाच.

तू तेव्हा वळून माझ्याकडं पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर मला सोसलं असतं. तू नुसतं पाहिलंस आणि काकूंचा हात धरून खाली उतरलीस.

असंच तू बत्तीस वर्षांपूर्वीही पाहिलं होतंस. भूकंपानंतरची पहिली संक्रांत. तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतात. तू एसटीनं लातूरला आलीस, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, मदतीत मिळालेल्या. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांची दारं झिजवून शेवटी माझ्या दारी आलीस. सासूबाई सोप्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. तू म्हणालीस, "जगे, आमचं समदं मातीत गेलं. मन्मथदादाचा एखादा फोटो तुझ्याकडं असंल तर बघ की. आई लई रडून राहिली."

मी म्हणाले, "माझ्याकडं कशाला असंल गं?"

सासूबाईंचा अडकित्ता थांबला होता. तू माझ्याकडं पाहिलंस, मग त्यांच्याकडं. "न्हाई, गाववाली म्हणून विचारलं," असं त्यांना म्हणालीस आणि चहा न घेता उठलीस.

शिवकांता, तो फोटो काढला तेव्हा तू तिथं होतीस. सत्याऐंशीची हीच जत्रा. मन्मथशी माझी सोयरीक ठरून, कुंकू लागून महिनाही झाला नव्हता. तो सुट्टीवर आला होता. नवरा-नवरीनं लग्नाआधी एकत्र फिरणं घरात कुणाला चाललं नसतं, म्हणून तुला मध्ये घेतलं. स्टुडिओच्या पडद्यामागं जाऊन त्यानं पिशवीतला युनिफॉर्म चढवला. तो खुर्चीवर बसला, मी मागं उभी. फोटोवाला म्हणाला, ताई, हात खांद्यावर ठेवा. मी ठेवेना, तर तूच येऊन माझा हात उचललास आणि त्याच्या खांद्यावर ठेवलास. वर हसत सुटलीस. एक प्रत त्यानं खिशात घातली, एक मला दिली.

तुला माहीत होतं मी खोटं बोलतेय. एक वाक्य बोलली असतीस तर त्याच दिवशी माझं सासर संपलं असतं. तू बोलली नाहीस. घरी जाऊन काकूंना काय सांगितलंस, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

मन्मथ श्रीलंकेत लढताना गेल्याची तार आली तेव्हाचं तर तुला सगळंच ठाऊक नसेल. त्याचं शव आलंच नाही, त्याच्या सामानाची काळी पेटी आली. आपल्यात माती देतात, त्याला गावची मातीही मिळाली नाही. काकूंनी निरोप धाडला होता, एकदा पोरीला पाठवा, तिला जवळ घेऊन रडू द्या. माझे बापू म्हणाले, "तिथं गेलीस तर गाव तुला पांढऱ्या पायाची म्हणंल. जन्मभर घरात बसशील." रातोरात नाही, भर दुपारी, सगळ्यांसमोर मला भालकीला मामाकडं नेलं. मी एकोणीस वर्षांची होते, पण तान्ही नव्हते. नाही म्हणता आलं असतं. मी टांग्यात जाऊन बसले. सहा महिन्यांत लातूरचं स्थळ आलं. पहिली सोयरीक झाली होती हे सासरी कुणाला सांगितलं नाही. बापूंनी बिऱ्हाड उदगीरला हलवलं ते त्यासाठीच. त्यामुळं भूकंपात माझं माहेर वाचलं. ह्याची सुद्धा मला लाज वाटते, आता काय सांगू.

फोटो माझ्याकडं आहे. लग्नाच्या शालूच्या घडीत, डांबरगोळ्यांत, अडतीस वर्षं.

मागच्या पावसाळ्यात ह्यांनीच चहा पिताना मोबाइलवरचा निरोप मोठ्यानं वाचला होता, 'शहीद मन्मथ यांचे छायाचित्र कोणाकडे असल्यास कळवावे.' मी उठून आत गेले. फोटो काढला, कात्री घेतली. मला कापून टाकायचं आणि त्याला पाठवून द्यायचं, असा विचार. पण माझा हात त्याच्या खांद्यावर आहे. हात कापायचा तर खांदा जातो, खांदा ठेवायचा तर बांगड्यांसकट माझी बोटं राहतात. म्हणून नाही पाठवला, असं मी स्वतःला समजावलं.

कात्री हा बहाणा होता. सृष्टीला सांगितलं असतं तर तिनं मोबाइलवर अर्ध्या मिनिटात नुसता चेहरा काढून दिला असता. मला न येणारी गोष्ट नव्हती, नको असलेली होती. हा कुठून आला, असं कुणीतरी विचारलंच असतं.

सृष्टी क्लासवरून आली, खायला मागते आहे. आज इथंच थांबते.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

काल ह्यांना सांगितलं.

आधी तुला लिहून मग त्यांना, हे उलटं झालं खरं. पण लिहिल्याशिवाय तोंडातून निघालं नसतं. दुपारी जेवायला आले होते. मंजुश्री माहेरी, घरात आम्ही दोघंच. मी वरण वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. ते जेवत राहिले. ताट पुसून खाल्लं, हात धुतले, मग म्हणाले, बघू.

मी फोटो आणून दिला. त्यांनी चष्मा लावून तो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला. "पोरगं देखणं होतं," म्हणाले. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात म्हणाले, "तवा सांगितलं असतंस, तर म्या तुला नांदवलं नसतं. खोटं कशाला बोलू?"

फोटो माझ्या हातात देऊन मिलवर गेले. कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. चहा रविकिरणकरवी मागवतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवरा रुसला म्हणून हसायला हवं, पण हसू येत नाही.

म्हणजे माझी भीती खरी होती. हे कळून मला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली. कारण सासूबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली. बापू त्याच्याही आधी गेले. त्यानंतर कोण मला घराबाहेर काढणार होतं? तरी मी दरवर्षी दिवाळीत शालूला ऊन दाखवायची, फोटो बघायची आणि परत घडी घालायची. पाऊण तासाच्या अंतरावर एक म्हातारी आपल्या लेकाचं नाक विसरू नये म्हणून धडपडत होती, आणि मी डांबरगोळ्या बदलत होते. ह्याला भीती म्हणत नाहीत. ह्याला काय म्हणतात ते तू ठरव.

महांतेश उद्या परत मिलवर येणार आहे. हे पत्र आणि फोटो त्याच्या हाती देते. मीच आणून दिला असता, पण तुझ्या उंबऱ्यावर उभी राहिले की पुन्हा काहीतरी गोड खोटं बोलेन, इतकी मी स्वतःला ओळखते. मूर्तिकाराला नवा पुतळा करायला सांगा म्हणून ह्यांच्या मागं लागणार आहे. ते बोलोत न बोलोत, राजकन्येला चौकातून जाता आलं पाहिजे. आणि माझ्या नावाची ती सोनेरी फरशी उलटी करून बसवा, असं सरपंचांना कळवलं आहे. ते बिचारे गोंधळले, सौजन्य कमी पडलं का म्हणून विचारत होते.

फोटो कापलेला नाही. महांतेश सांगत होता, काकूंना उजव्या डोळ्यानं अजून थोडं दिसतं. तेव्हा घरात नको, सकाळच्या उन्हात अंगणात नेऊन दाखव. जवळ धर, घाई करू नकोस, त्यांना हवं तितकं बघू दे. मन्मथ त्यांना लगेच ओळखू येईल, त्यात चुकायला जागा नाही. मग त्या विचारतील, ही मागं खांद्यावर हात ठेवून कोण उभी हाय.

माझ्यासाठी आता खोटं बोलू नकोस. सांग, ही तुझी सून व्हायची होती. तू बोलावलंस तेव्हा आली नाही, ती ही.

तुझ्या गप्प राहण्यावर संसार केलेली,
जगदेवी