काकांच्या वतीने

२ फेब्रुवारी
काकांच्या घरी पोहोचलो. खोली झकास मिळाली. पूर्वेची खिडकी, खाली इस्त्रीचं दुकान, गरम कापडाचा वास थेट टेबलापर्यंत येतो. टेबल डुगडुगत होतं, आल्या आल्या पायाखाली पुठ्ठा सारला. मी वजनकाटे दुरुस्त करतो, डुगडुगणारं काही मला सहन होत नाही. ही विद्या कुणी शिकवली नाही. मोडके काटे उघडून उघडून स्वतः शिकलो, आणि हे सांगताना मी लाजत नाही.

आईवडील गेल्यावर मला आणि धाकट्या बहिणीला, छोटीला, काकांनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. हल्ली गॅस चालू ठेवून फिरायला जातात आणि दारात येईल त्याच्या कागदावर सही ठोकतात. डॉक्टर म्हणाले, देखभाल आणि मालमत्ता दोन्ही सांभाळणारा व्यावसायिक पालक नेमा. माझं दुकान दुसऱ्या गावात, छोटी त्याहून लांब. म्हणून आलोय. शोधीन तर अस्सलच शोधीन.

काकांनी दारातच विचारलं, तू आधी आलास की तुझं पोट? डोकं अजून ठिकाणावर आहे म्हातारबांचं.

७ फेब्रुवारी
तिघांना बोलावलं. पहिला वकील. सगळं माझ्याशी बोलला, काकांकडे ढुंकून पाहिलं नाही, जणू ते कपाट. चहा न देता वाटेला लावला. दुसऱ्या बाई बँकेतून निवृत्त. काकांशी तान्ह्या बाळाशी बोलतात तशा बोलायला लागल्या. काकांनी विचारलं, खुळखुळा आणलाय की विसरलात?

तिसरा आवडला. राखाडी सदरा, आवाज इतका मऊ की तो गेल्यावर आठवायला बसलो तर आठवेना. बाकीच्यांनी घर आणि ठेवी विचारल्या. याने विचारलं, काका बोलतात कसे? म्हणाला, ज्याच्या वतीने बोलायचं त्याचं बोलणं आधी अंगात मुरावं लागतं, आमच्या कामाची रीतच आहे ती. मी खूश. इतका नेमका माणूस मला आजवर भेटला नव्हता. तिथल्या तिथे नेमला.

काका म्हणाले, हा माणूस नाही, रिकामा हँगर आहे. मी हसण्यावारी नेलं.

१५ फेब्रुवारी
पालकसाहेब राहायलाच आलेत. रोज संध्याकाळी शिकवणी घेतो त्यांची. चहा हवा असला की काका खाकरतात आणि ओरडतात, कोणी जिवंत आहे का घरात? साहेब ‘जिवंत’वर जोर देत होते. जोर ‘घरात’वर हवा. त्यांना जमेपर्यंत सोडलं नाही. काका करवादले, नक्कलच करायची तर तिकीट लावा.

चहा पिताना साहेब माझंही विचारतात. गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, छोटीला हाक कशी मारतो. आमच्या घरात माझं कौतुकाने कुणी ऐकलंय? मी सांगत बसतो.

दवाखान्यात, बँकेत आता साहेबच बोलतात. काका गप्प गप्प असतात. आराम मिळतोय त्यांना.

२३ फेब्रुवारी
सकाळी आतून खाकरणं ऐकू आलं. मग, कोणी जिवंत आहे का घरात? जोर अचूक. चहा घेऊन गेलो.

काका खिडकीशी होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोलत होते साहेब, पेपरमागून. ती नक्कल नव्हती. खरं वजन आणि खोटं वजन ओळखण्यावर मी पोट भरतो. तो काकांचाच घसा होता, काकांचाच कफ.

मी कप ठेवला आणि बाहेर आलो. डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, काकांशी कालच बोललो, ठणठणीत वाटले, तुम्हीच जरा विश्रांती घ्या.

२६ फेब्रुवारी
छोटीचा फोन. म्हणाली, दादा, तुला बरं नाही का? काल इतका वेळ बोललास आणि कुणालाही मूर्ख म्हणाला नाहीस. मला भीती वाटतेय, रविवारी येते.

काल मी तिला फोन केलेला नाही.

आजच ये, म्हणायला गेलो. घशातून नुसती हवा आली.

आता कळलं. जे मी त्याला शिकवलं, ते त्याचं झालं. माझा राग मात्र त्याने पाहिलेला नाही. त्याच्यापुढे मी सारखा फुगून, गोड बोलत बसलो ना! तेवढाच उरलाय माझा. छोटीला शंका आली ती फोनवर राग नव्हता म्हणूनच. रविवारपर्यंत चिडायचं नाही. मी! चिडायचं नाही!

२७ फेब्रुवारी
इस्त्रीवाल्याला मदतीची चिठ्ठी लिहून दाखवली. साहेब मागोमाग उतरले. हळूच म्हणाले, आधी काका, आता पुतण्या, दोघांचंही बघावं लागतं. इस्त्रीवाल्याने चुकचुकून मला पाणी दिलं. पाणी! अंगाचा तिळपापड झाला. गिळला.

पळून जाता येईल. पण काकांना इथे टाकून? नाही.

२८ फेब्रुवारी
मला डिवचतोय. काकांच्या सदऱ्याची बटणं वाकडी लावतो. चष्मा त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवतो. बघतो मात्र माझ्याकडे.

मुठी खिशात. उद्याचा दिवस. मग छोटी —

१ मार्च
काकांना भरवत होता. चमचा दातांवर आपटला. मुद्दाम. पुन्हा. ओठ फुटला. काका रडत होते — आवाजाशिवाय —

मी ओरडलो. हलकटा, मुर्दाडा, म्हाताऱ्या माणसावर — सगळं, सगळं बाहेर पडलं. पहिलं वाक्य माझ्या तोंडून.

दुसरं त्याच्या.

२ मार्च
खोलीला बाहेरून कडी. फोन चालू आहे बाहेर, स्पीकरवर. माझा आवाज तिला झापतोय. अक्कल गहाण टाकलीस का, कशाला तडमडायला येतेस, काका मजेत आहेत —

छोटी हसतेय. किती मोकळं हसतेय. हां, आता कसा माझा दादा बोलला, म्हणते. नाही येत मग.

दार बडवलं. तेही कान देऊन ऐकलं त्याने —

कडी निघाली. आत आलाय. काही करत नाही. टेबलाशी वाकून बघतोय — मी ओळ कशी सोडतो, अक्षर कसं वळवतो —

थांबलं पाहिजे. एक शब्दही पुढे —

पण छोटी, तुला हे कळलंच पाहिजे की तुझ्याशी जो बोलला तो