आपल्या गॅलरीतून कुणी उडी मारली नव्हती

प्रिय दादा,

जय भीम. तुला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. आपल्या घरात कुणी आत्मा मानत नाही, त्यामुळे हे कुठे पोचणार नाही, एवढं मला कळतं. "आत्मा मानत नाय, पण सोल गातो," असं तू स्टेजवर म्हणायचास आणि लोक टाळ्या पिटायचे. तरी लिहायला बसले, कारण परवा आईने मला एक प्रश्न विचारला. तो ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

तिने विचारलं, "सुजा, सिद्धार्थने उडी मारली काय गं?"

नाही रे, आई भ्रमिष्ट झालेली नाही. मंदारने कादंबरी लिहिली आहे. तोच मंदार, तुमच्या बँडचा गिटारवाला, दादरहून येऊन आपल्याकडे सुकट-भाकरी चापणारा. कादंबरीतला गायक परळच्या चाळीतला. जयंतीला भीमगीतं गाणाऱ्या पार्टीतून वर येतो, मराठीत रॉक आणि सोल गायला लागतो, दारू पितो (तू प्यायचास, मी कशाला लपवू?), आणि शेवटी पहाटे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारतो. हातात माइक घेऊन! आपल्या गॅलरीत माइक कुठून आला रे? तिथे पाण्याचा पिंप आणि वाळत घातलेल्या गोधड्या सोडून उभं राहायला जागा नाही.

पुस्तक गाजतंय. वाचलेले लोक चाळ शोधत येतात. परवा कॉलेजातली एक मुलगी आणि तिचा मित्र आले. आई दारात मिरच्यांची देठं काढत बसली होती. लालबागच्या मसालेवाल्यांचं ते काम ती अजून सोडत नाही. मुलगी वाकून, अगदी अदबीने म्हणाली, "आजी, तुमच्या मुलाने इथूनच उडी मारली ना? एक फोटो काढू?"

आई म्हणाली, "काढा." वर त्यांना चहा करून दिला.

मी शाळेतून आले तेव्हा गॅस चालूच होता आणि ती कठड्याला धरून खाली बघत होती. मग तिने मला ते विचारलं.

तू म्हणशील, आईला माहीत नाही का मी कसा गेलो? अरे, तिने बघितलं काय होतं? करोनाची दुसरी लाट, तू हॉस्पिटलात, आणि ती स्वतः विलगीकरण केंद्रात, जवळ फोनसुद्धा नाही. ती घरी आली तेव्हा तुझ्या फोटोला हार घातलेला होता. स्मशानात तुझं तोंड मलाही दाखवलं नाही, प्लास्टिकच्या पिशवीवर नाव लिहिलेलं तेवढं वाचलं. जलदानविधीला शेजारपाजारचंही कुणी नाही. मुलगा गेला असं तिला आम्ही सांगितलं आणि तिने ऐकलं, बस.

मी कपाटातून तुझ्या मृत्यूचा दाखला काढला. वाचून दाखवला, त्यातलं मृत्यूचं कारणही वाचून दाखवलं.

"कागदावर काय, कायपण लिहितात," ती म्हणाली. "हा खरा मानायचा, तर त्यांच्या हातात होतं ते पुस्तकपण कागदच ना?"

दादा, आता रागावू नकोस, पण ह्यात तुझाही हात आहे. माटुंग्याच्या फूटपाथवरून जुनी पुस्तकं कोण आणायचं? सगळी गाणाऱ्यांची चरित्रं, नाहीतर गाणाऱ्यांवरच्या कादंबऱ्या. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचास आणि संध्याकाळी आईच्या समोर बसून देठं काढत तिला मराठीतून सांगायचास. अमेरिकेतल्या कुठल्या तरी चर्चमध्ये गाणारी बाई तुझ्या तोंडून आपल्या विहारातल्या काकूंसारखी होऊन जायची. आई मिरचीच्या खाटाने शिंकायची, डोळे पुसायची, आणि "मग?" म्हणायची. कोण गोळ्या खाऊन गेला, कोण गाडीत, कोणाला बाथरूमचं दार फोडून बाहेर काढलं. "मेल्याला आई नव्हती काय?" असं ती दर वेळी म्हणायची.

एकदा ती वैतागलीच. "ह्यातला एकपण म्हातारा होऊन मरत नाय काय रे?"

"होतात गं म्हातारे," तू म्हणालास, "पण त्यांच्यावर पुस्तकं निघत नाहीत."

काय हसलो होतो आपण! आता बघ. तू पण गाणारा होतास, तुझ्यावर पुस्तक निघालं, मग तू कसा मेला असशील हे आईला कुणी वेगळं सांगायला नको. सगळे धडे तूच पढवून ठेवलेस.

काल मी मंदारकडे गेले. भांडायलाच गेले होते.

"सुजाता, कादंबरी आहे ती," तो म्हणाला. "पहिल्याच पानावर छापलंय, सगळं काल्पनिक आहे म्हणून."

"मग ये आणि ते पान आईला वाचून दाखव."

तो म्हणाला, "खरं सांगू? आधी मी हॉस्पिटलच लिहिलं होतं. प्रकाशक म्हणाले, असला माणूस ऑक्सिजनवर जातो, हे वाचकाच्या गळी उतरत नाही. त्या लाटेत इतकी माणसं तशीच गेली. त्यांच्यात सिद्धार्थ वेगळा कुठे दिसतो?"

"तो वेगळा नव्हताच रे! सगळे मेले तसाच मेला."

त्याला रडू आलं. मला नाही आलं, थोबाडीत द्यावीशी वाटत होती. पुढच्या आवृत्तीत टीप घालतो म्हणाला. टीप! आणि तरी सांगते, तू गातोस ती पानं त्याने फार चांगली लिहिली आहेत. वरच्या पट्टीत जाताना तू डावा खांदा उचलायचास, तेसुद्धा त्याने सोडलेलं नाही. ती पानं मी परत परत वाचली. ह्याचाच मला जास्त राग येतो.

घरी आले तर आई जेवायची थांबली होती. ताटावर बसली आणि म्हणाली, "मारली असेल उडी तर मारली. मी कुणाला बोल लावत नाय. पण सुजा, मी त्याला काय कमी केलं, तेवढं मला सांग."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे रे ती. हा प्रश्न घेऊन ती जाणार? जिथे तिने तुला अंघोळ घालून उन्हात उभं केलं, त्या गॅलरीकडे बघत?

तिला मी तेव्हा सांगितलं होतं, दादा झोपेतच गेला, शांतपणे. सगळे सांगतात तेच. म्हणजे शेवट बदलणारा मंदार एकटा नाही. आईला ती झोप बहुतेक कधी खरी वाटलीच नाही, म्हणून तर उडी इतक्या सहज खरी वाटली.

शेवटच्या दिवशी नर्सबाईंनी त्यांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला होता. तुझं तोंड सुजलं होतं, ओठ फाटले होते. तू मास्क ओढून काढलास आणि म्हणालास, "सुजा, मला घरी ने. मला मरायचं नाय." बाई मास्क लावायच्या, तू पुन्हा ओढायचास. श्वास पुरत नव्हता, तरी "आईला सांग, आईला सांग" म्हणत होतास. काय सांगू, ते शेवटपर्यंत बोलता आलं नाही. हुंदके देऊन रडत होतास. त्या बाईंनी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि फोन बंद झाला.

हे मी कुणालाच बोलले नव्हते. आईचं काळीज फाटेल म्हणून, आणि तुझी शोभा होईल म्हणूनही. मैदानभर लोकांसमोर छाती काढून उभा राहणारा तू!

उद्या रविवार, शाळेला सुट्टी. दुपारी मी आईच्या समोर बसणार आहे. ती ऊर बडवून रडेल, माझ्यावर चिडेल, कदाचित दोन दिवस जेवणार नाही. रडू दे. तिचं काही कमी पडलं नव्हतं, तुला तिच्याकडेच यायचं होतं, हे पटवायला माझ्याकडे दुसरं काहीही नाही.

वचन देते दादा, ह्या वेळी मी काहीही गाळणार नाही. मरायला तू किती घाबरला होतास, ते मी आईला सगळं सांगेन.

तुझी,
सुजा